अतियातच्या अंगातले दोघं

माझ्या वहिनीला नक्की काय झालंय याबद्दल इजिप्तमधल्या आमच्या नाईलकाठच्या दसूक गावात तीन मतं होती. ढोल बडवून अंगातल्या जिन्नांची मनधरणी करणाऱ्या मर्ज़ूकाबाईचं म्हणणं, तिला दोघांनी धरलंय. तन्ता शहरातल्या डॉक्टरांचं म्हणणं, हा डोक्याचा आजार आहे. आणि माझं म्हणणं, बाईला नीट खायला घाला, अशक्तपणा गेला की सगळं जागेवर येईल. तिघांमध्ये शहाणी मी, याबद्दल मला शंका नव्हती. एकतीस वर्षं मुलींच्या शाळेत गृहशास्त्र शिकवलेल्या बाईला अशा शंका येत नाहीत. मांस, अंडी, दूध, डाळी म्हणजे शरीर बांधणारं अन्न. हे मी फळ्यावर लिहायची, मुली वहीत उतरवायच्या आणि परीक्षेत तेच लिहून पास व्हायच्या. माझं नाव इन्साफ. कुणाचाही न्यायनिवाडा करायला मी एका पायावर तयार असते.

वहिनीचं नाव अतियात. माझा धाकटा भाऊ मेतवल्ली खाटीक, ही त्याची बायको. बुरुल्लुसच्या तळ्याकाठच्या एका गावातून एकोणिसाव्या वर्षी आमच्या घरात आली. उंच, हाताला चपळ. इतर बायका द्राक्षाच्या पानांच्या दहा सुरळ्या वळेपर्यंत हिच्या चाळीस व्हायच्या. लिहावाचायला येत नव्हतं, पण बाजारात कुणाची हिला फसवायची टाप नव्हती. हसताना तोंडावर हात धरायची, ते आईला फार आवडायचं.

आईला आणखी एक गोष्ट आवडायची. आमच्याकडे मटण शिजलं की कुणी पातेल्यात हात घालत नाही. घरातली मोठी बाई वाटे करते, आणि ज्याच्या त्याच्या ताटात त्याच्या वाटचे तुकडे पडतात. त्याला मनाब म्हणतात. कुणाचा मनाब केवढा, त्यावरून त्या माणसाची घरातली किंमत कळते. सुनेचा मनाब अर्थातच लहान. अतियातच्या ताटात तो पडायचा, आणि दोन घासांनंतर बघावं तर बाबांच्या नाहीतर मेतवल्लीच्या ताटात गेलेला असायचा. ती स्वतः भाताबरोबर भेंडी खायची, नाहीतर भाकरी आणि काकवी.

"सून असावी तर अशी," आई शेजारणींना सांगायची. "स्वतःच्या तोंडातला घास काढून नवऱ्याला देते."

"नाही हो आई, मला खरंच नको असतं," अतियात म्हणायची. "तोंडात घातलं की मळमळतं. डोकं जड होतं."

"बघा, वर बोलूनसुद्धा दाखवत नाही," आई म्हणायची.

अशी आठ वर्षं ती आमच्या घरातली संत होती. त्या आठ वर्षांतच तिला पहिला मुलगा झाला. गोरापान, वजनदार. तिसऱ्या दिवशी तो झोपाळू झाला, चौथ्या दिवशी छातीला लागेना, भात्यासारखा श्वास घ्यायला लागला, आणि पाचव्या दिवशी गेला. सातव्या दिवशी आमच्याकडे मेणबत्त्या लावतात. प्रत्येक मेणबत्तीला एकेक नाव द्यायचं, जी शेवटपर्यंत जळेल तिचं नाव बाळाला. मेणबत्त्या आणून ठेवल्या होत्या. आई म्हणाली नजर लागली. बाळंतिणीला रोज कोंबडीचा रस्सा आणि कबुतर चालू होतं, तरी ती आठवडाभर भ्रमिष्टासारखी बडबडत होती. मूल गेलेली बाई बडबडणारच, असं आम्ही धरून चाललो. मग हनादी झाली, ती जगली. तिच्यानंतर दुसरा मुलगा, तोही पाचव्याच दिवशी गेला. पुन्हा नजर, पुन्हा रस्सा, पुन्हा बडबड.

मग बाबा वारले आणि दुकान मेतवल्लीच्या हातात आलं. त्याचा हात चालला. दुकानाला काचेचं दार बसलं, मोठा फ्रीज आला, लोक त्याला मानाने मुअल्लिम, म्हणजे उस्ताद, मेतवल्ली म्हणायला लागले. घरात रोज मटण. आता मनाब ओंजळभर पडायला लागला, आणि संतपणाला घरात जागा राहिली नाही.

ठिणगी पडली ती एका लग्नात. पंगतीत अतियातने मटण बाजूला सारलं, आणि समोर बसलेल्या एका भवानीने सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "का गं, खाटकाच्या बायकोला मटण नको? तिला काय माहिती आहे जे आम्हाला नाही?"

दुसऱ्या दिवशी गावभर झालं, की मेतवल्ली गाढवाचं मटण विकतो, म्हणून त्याची बायको तोंडाला लावत नाही. आमच्याकडे खाटकाला याहून मोठी शिवी नाही. आठवडाभर दुकानात माशा आणि मेतवल्ली सोडून कुणी नव्हतं.

"यापुढे तू खाशील," त्याने घरी येऊन सांगितलं. "चारचौघांत खाशील, हाड चोखून खाशील, आणि तोंड वाकडं करणार नाहीस."

"मला सोसत नाही हो," ती म्हणाली.

"अख्ख्या दसूकला सोसतं."

त्या वर्षीच्या मोठ्या, कुर्बानीच्या ईदला तिने खाल्लं. सकाळी फत्ता, म्हणजे भात, भाकरीचे तुकडे, लसूण-व्हिनेगर आणि वर मटणाचा डोंगर. दुपारी कलेजी, संध्याकाळी पुन्हा रस्सा. पाहुणे बघत होते, ती खात होती, मेतवल्लीचा ऊर भरून येत होता. दुसऱ्या दिवशी तिचं डोकं दुखायला लागलं, उलट्या झाल्या. तिसऱ्या दिवशी ती दारू प्यायल्यासारखी अडखळत बोलायला लागली. मला तिच्या मेलेल्या आजीच्या नावाने हाक मारली. आईला म्हणाली, "तुम्ही मला विष घालताय." मग डोक्यावर काही न घेता, अनवाणी नदीकडे चालत सुटली, आणि वाटेत मोठमोठ्याने हाका मारत होती. "फारिस, बदरान. फारिस, बदरान." आमच्या सात पिढ्यांत या नावाचं कुणी नाही.

घरी आणली तर झोपून राहिली. चार दिवस तिच्या घशाखाली काकवीच्या पाण्याशिवाय काही उतरलं नाही. पाचव्या दिवशी उठून तिने विचारलं, "गच्चीवरचे कपडे कुणी काढले?" आणि कामाला लागली.

पुढल्या ईदला तेच. मधल्या काळातही तेच, कधी कुणाच्या लग्नानंतर, कधी माझ्या हातचं खाऊन.

मर्ज़ूकाबाईला बोलवायला माझा विरोध होता. मी म्हटलं, हे अडाणीपणाचं लक्षण आहे. पण आई म्हणाली, तू शाळेत शिकव, घर मी चालवते. मर्ज़ूका आली, तिने अतियातचा रुमाल हुंगला आणि नावं विचारली. ती ऐकल्यावर तिचा चेहरा खुलला.

"फारिस म्हणजे घोडेस्वार. वाळवंटातला, गरम डोक्याचा. त्याला मेंढा लागणार. बदरान चंद्राचा, थंड, पण हट्टी. त्याला पांढरी बदकं चालतील," ती म्हणाली. "दोघं चांगल्या घरचे आहेत. उपाशी ठेवलंत म्हणून चिडलेत."

दोघांची सोय झाली. दुपारी आमच्या दिवाणखान्यात ढोल वाजले, धूप जळला, गावातल्या चाळीस बायका जमल्या आणि निघून जा, निघून जा म्हणून ओरडायला लागल्या. अतियातला पांढरा झगा घातला, मेंढ्याभोवती फिरवलं, मेंढा कापला, तिच्या कपाळाला रक्त लावलं, आणि अर्धीकच्ची कलेजी तिच्या हातावर ठेवली. "यांच्यासाठी खा," मर्ज़ूका म्हणाली. "हे जेवले की तुला सोडतील." अतियातने माझ्याकडे पाहिलं. मी दारात हाताची घडी घालून उभी होते, तोंडावर सगळा तिरस्कार आणून. तो तिरस्कार ढोलांसाठी होता. कलेजीबद्दल माझी काही तक्रार नव्हती. कलेजीत लोह असतं.

तीन दिवसांनी ती पुन्हा नदीकडे निघाली.

मग तन्त्याचे डॉक्टर. त्यांनी दोन मिनिटं बघितलं, झटक्यांवरची एक गोळी मन शांत राहावं म्हणून लिहून दिली, आणि उठता उठता म्हणाले, "अशक्त दिसतेय. मटण, अंडी देत जा." मी मेतवल्लीकडे विजयाने पाहिलं. गोळ्या सुरू झाल्या आणि ते बडबडणं, नदीकडे सुटणं दर महिन्याला व्हायला लागलं. मी रोज सकाळी दोन उकडलेली अंडी घेऊन वर जायची, आणि ती गिळेपर्यंत समोर बसायची. हनादीलासुद्धा एक. ती पोर आईवर गेली होती, अंडं गालात धरून बसायची. मी तिचं नाक दाबायची. नाक दाबलं की तोंड उघडतं, हे मी कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं, माझं स्वतःचं संशोधन होतं.

म्हणजे बघा, तीन पक्ष, तिघांचं एकमेकांशी वाकडं, प्रत्येकजण दुसऱ्याला मूर्ख म्हणणारा. आणि उपचार मात्र तिघांचा एकच. चौथं मत अतियातचं होतं, की मला मटण सोसत नाही. पण जिच्या अंगात दोघं बसलेत तिच्या मताला कोण विचारतो? शांतपणे सांगितलं तर ते नखरे ठरायचे, चिडून सांगितलं तर फारिस बोलतोय, रडून सांगितलं तर बदरान. मर्ज़ूकाने हे वाटपही करून दिलं होतं.

अशी सहा वर्षं गेली. हनादी अकरा वर्षांची झाली. मोठी ईद आठ दिवसांवर आली तेव्हा मेतवल्ली माझ्याकडे खालच्या मजल्यावर आला.

"ताई, या ईदला पुन्हा तमाशा झाला तर मी हिला तिच्या माहेरी पोचवणार," तो म्हणाला. "तलाकचा कागद करून टाकतो. हनादी माझ्याकडे राहील. वेड्या बाईच्या हाती कुठला काझी मुलगी देणार आहे?"

"तुझं घर, तू बघ," मी म्हटलं. विरोध केला नाही. हे लिहिताना मला लाज वाटते, पण केला नाही.

अतियात जिन्यात कपड्यांची टोपली घेऊन उभी होती. मेतवल्ली गेल्यावर ती आत आली.

"वन्सं, मी ऐकलं."

"मग शहाण्यासारखी वाग," मी म्हटलं.

"वागते. शहाणी बाई काय करते? खाते. मी तीन दिवस सगळ्यांसमोर खाईन. एक तुकडा टाकणार नाही. मग तर तुम्ही सांगाल ना त्यांना, की मी चांगली आहे?"

"तू खा, मी सांगते," मी म्हटलं. मला वाटलं, अखेर माझी विद्यार्थिनी वठणीवर आली.

ईदला तिने खाल्लं. मी तिच्या समोर बसले होते, परीक्षेच्या वर्गात बसतात तशी. ती प्रत्येक घासाला माझ्याकडे बघायची, मी मान हलवायची. हनादी तिच्या शेजारी होती. मेतवल्लीने स्वतःच्या ताटातला मोठा तुकडा उचलून बायकोच्या ताटात ठेवला. लग्नानंतर पहिल्यांदा. अतियात हसली, तोंडावर हात न धरता, कारण तोंड भरलेलं होतं. दुसऱ्या दिवशी डोकं धरून खाल्लं. तिसऱ्या दिवशी सकाळी हनादीला म्हणाली, "ते दे." "काय देऊ?" पोरीने विचारलं. अतियातला "ताट" हा शब्द आठवेना. ती ताटाकडे बोट दाखवत राहिली, मग तिचं बोटही खाली आलं. तरी तिने खाल्लं. दुपारी ती झोपली, आणि आम्ही कितीही हलवलं तरी उठली नाही.

मटणाच्या गाडीतून तिला अलेक्झांड्रियाला नेलं. आमच्याकडे तेवढीच मोठी गाडी होती. मटण टांगायचे वरचे आकडे काढायला वेळ नव्हता, ते वाटभर डोक्यावर हलत होते.

सणामुळे मोठे डॉक्टर सुट्टीवर होते. हजर होती ती एक तरुण पोरगी, डॉक्टर शहीरा. अंगातला कोट दोन मापं मोठा. ते मोठे डॉक्टर असते तर माझ्या मते त्यांनी झटक्यांवरची आणखी एक गोळी दिली असती. या पोरीला अजून सगळं ठाऊक नव्हतं, म्हणून ती प्रश्न विचारत होती.

"असं कधी होतं?"

"जिन्न मनात आणतील तेव्हा," आई म्हणाली. ती गाडीत बसून आमच्याबरोबर आलीच होती.

"ईदनंतर होतं," मेतवल्ली म्हणाला. "लग्नांनंतर. बाळंतपणांनंतर."

"त्या वेळी ती काय खाते?"

"आम्ही खाटीक आहोत, डॉक्टर," मेतवल्ली जरा दुखावून म्हणाला. "आमच्याकडे खाण्याची कमी नाही."

"तिला मटण आवडतं?"

मेतवल्लीने आईकडे पाहिलं. मग मी म्हटलं, "लहानपणापासून नखरे आहेत तिचे. माहेरी लाडावलेली. तिची आईसुद्धा तशीच होती म्हणे, आणि मावशीही."

"मावशीला मुलगे आहेत?"

"नाही. त्या घराण्यात मुलगे जगत नाहीत," आई म्हणाली. "नजर आहे त्यांच्यावर."

पोरगी एकदम उठली. तिने रक्त काढलं, नळी बर्फात ठेवली, आणि स्वतः ती घेऊन पळत गेली. आल्यावर तिने मटण, अंडी, दूध सगळं बंद असं कागदावर लिहून खाली दोन रेघा मारल्या. जुनी गोळी खिडकीतून फेकली. म्हणाली, या आजारात ही गोळी म्हणजे आगीत तेल. मग साखरेचं सलाइन लावलं, आणि आणखी काय काय.

दोन दिवसांनी अतियातने डोळे उघडले, आणि डॉक्टरने मेतवल्लीला समजावलं.

"मुअल्लिम, तुमच्या दुकानातली घाण कोण उचलतं?"

"नगरपालिकेची गाडी."

"ती रोजच्याऐवजी आठवड्यातून एकदा आली तर?"

"धंदा बसेल. वासाने गल्ली बेशुद्ध पडेल."

"हिचं तसंच आहे. मटण पोटात गेलं की सुटं होतं, त्याचे बारीक मणी होतात. अमिनो आम्लं म्हणतात त्यांना."

"ते मला माहीत आहे," मी मध्येच म्हटलं. "मी तेच शिकवत होते."

"छान. मग उरलेल्या मण्यांचं काय होतं?"

"ते अभ्यासक्रमात नव्हतं," मी म्हटलं.

"उरलेले मोडले जातात, आणि मोडताना अमोनिया निघतो. कल्हईवाला नवसागर टाकतो तेव्हा नाकात जातो ना, तोच. यकृताने त्याचा लगेच युरिया करून बाहेर टाकायचा. हिच्या यकृतात ते काम करणारी गाडी अर्धीच चालते. थोडं खाल्लं तर निभतं. ढीग आला की अमोनिया रक्तातून मेंदूत जातो. मग बडबड, संशय, झोप, आणि शेवटी मरण. ही वेडी नाही. हिला तुम्ही दर ईदला विष दिलंत."

शेवटचं वाक्य ती रागाने बोलली नाही, म्हणून ते जास्त लागलं. मेतवल्ली स्वतःच्या हातांकडे बघत बसला. आई म्हणाली, "आम्ही काय मुद्दाम केलं?" आणि जपमाळ काढली.

मग डॉक्टरने एक कागद घेतला आणि अतियातच्या पलंगावर बसून घराण्याचा नकाशा काढायला लागली. बायकांना गोल, पुरुषांना चौकोन. गेले त्यांचे चौकोन काळे. आईकडून हे येतं, मुलीत निम्मं असतं म्हणून ती तगते, मुलात आलं तर पूर्ण येतं म्हणून तो आठवडाभरात जातो, असं ती सांगत होती. अतियातच्या लहानपणीच गेलेल्या मामांचे तीन काळे चौकोन झाले, मावशीच्या मुलांचे दोन.

"यातले माझे कुठले?" अतियातने विचारलं. तिचा आवाज अजून जड होता.

डॉक्टरने दोन काळे चौकोन दाखवले.

"त्यांच्याखाली नावं लिहा."

"त्यांना नावं नव्हती," मेतवल्ली म्हणाला. "सातवा दिवस झालाच नाही."

"मोठा फारिस," अतियात म्हणाली. "धाकटा बदरान."

आईची जपमाळ थांबली. त्या दोघांना घालवायला आम्ही मेंढा कापला होता. गावातल्या चाळीस बायका जमवून, ढोल बडवून, निघून जा निघून जा म्हणून ओरडलो होतो, आणि तिलाही ओरडायला लावलं होतं. मी ढोलांकडे तिरस्काराने पाहिलं होतं, पण आवाज मीही ऐकला होता. मी खोलीबाहेर जाऊन व्हरांड्यात रडले. हे कुणाला सांगितलेलं नाही.

इथे गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं.

डॉक्टरने अतियातला दोन कागद दिले. एकावर पथ्य. दुसरा चार ओळींचा, शिक्क्यासह. ही बाई मानसिकदृष्ट्या पूर्ण शहाणी आहे, तिला प्रथिनांच्या पचनाचा उपजत आजार आहे, तो आईकडून अपत्यांत उतरतो, मुलगा झाल्यास तो दगावण्याची शक्यता निम्मी.

दसूकला आल्यावर मर्ज़ूकाबाई स्वतः भेटायला आली. "मी म्हणतच होते, जेवणावरून चिडलेत म्हणून," ती म्हणाली, आणि पेढे घ्यावेत तशी खजुरांची वाटी घेऊन गेली. मेतवल्लीने पथ्याचा कागद चौकटीत घालून दुकानात काचेच्या दारावर लावला. खाटकाची बायको मटण का खात नाही, याचं सरकारी उत्तर. गाढवाची गोष्ट त्या दिवशी संपली. गिऱ्हाइकं कागद वाचून मान हलवायची आणि किलोभर जास्त घ्यायची. मेतवल्ली बायकोशी गोड बोलायला लागला. ती खाली येऊन हसायला लागली. मला वाटलं, झालं, गाडी रुळावर आली.

महिन्याभराने तो दुसरा कागद घेऊन माझ्याकडे आला.

"ताई, हे नीट वाचून दाखव. शुद्ध अरबीत आहे, मला अर्धंच कळतं."

मी वाचला. शब्द न शब्द, उच्चार स्पष्ट, जिथे थांबायचं तिथे थांबून. "मुलगा झाल्यास" या ओळीवर त्याने मला थांबवलं आणि पुन्हा वाचायला सांगितलं. मी पुन्हा वाचलं. मला चांगलं वाचता येतं याचा मला अभिमान आहे.

"म्हणजे निम्मे मरतात," तो म्हणाला.

"निम्मे जगतातही," मी म्हटलं. पण ते हळू म्हटलं.

माझ्या भावाचा हिशोब साधा होता. नजर उतरवता येते. जिन्न आज आहेत, उद्या नाहीत. ते निघाले की बायको पुन्हा जशीच्या तशी, आणि मुलगा होईलच. त्या आशेवर तो इतकी वर्षं थांबला होता. आता डॉक्टरने शिक्का मारून सांगितलं, की अंगात कुणी नव्हतं, जे काही आहे ते तिचंच आहे. अंगात दोघं होते तोवर तिला घरात जागा होती. ती शहाणी ठरली, आणि दोन महिन्यांत मेतवल्लीने फुव्वा गावची एक विधवा दुसरी बायको केली, पदरात दोन धडधाकट मुलगे असलेली. अनुभवी बाई, असं तो म्हणाला.

अतियात रडली असेल तर वर, तिच्या खोलीत. मेतवल्लीने तिला सांगितलं, तू माहेरी जा, हनादी इथे शिकेल. ती एक शब्द न बोलता तोच कागद घेऊन काझीच्या कचेरीत गेली. तिला वाचता येत नव्हतं, पण कुठली ओळ कुठे आहे हे तिने डॉक्टरकडून बोट ठेवून पाठ करून घेतलं होतं. पहिल्या ओळीवर बोट ठेवून ती काझीला म्हणाली, "इथे बघा. पूर्ण शहाणी." मुलगी तिच्याकडे राहिली, वरचा मजलाही. खालच्या शेवटच्या ओळीने नवरा नेला. कागद एकच, आणि तो मी मोठ्याने वाचला होता.

हनादीचंही रक्त तपासलं. आईसारखंच निघालं, निम्मं. डॉक्टर म्हणाली, हिला आता काही होणार नाही, फक्त हिला काय नको ते हिला विचारत जा.

गेल्या हिवाळ्यात मी वर गेले. त्याआधी मी फार कमी जायची, गुडघे दुखतात असं सांगून. अतियात वांगी तळत होती. हनादी शाळेतून यायची होती. मी स्टुलावर बसले, आणि जे बरेच दिवस घोकत होते ते बोलले.

"झालं ते झालं, अतियात. आम्हाला तरी काय ठाऊक होतं? आजार होता, दुसरं काय."

तिने गॅस बंद केला. रागावलेली दिसली नाही. डॉक्टर शहीरा विचारायची तसं, उत्तर खरंच हवं असल्यासारखं तिने विचारलं.

"मला आजार होता, वन्सं. तुम्हाला काय झालं होतं?"

मी तोंड उघडलं. आईचं नाव घ्यावं, मर्ज़ूकाचं घ्यावं, तन्त्याच्या डॉक्टरांचं घ्यावं, असं एकेक मनात आलं आणि जिभेवर येईना. मग तिने गॅस पेटवला आणि उरलेली वांगी तेलात सोडली.